नर्सरीतली चौदा झाडं

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

माझी खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. काळजी नसावी. आईचा गुडघा कसा आहे?

काल दादाचा फोन आला. हसत म्हणाला, "तू पाठवलेलं औषध फवारूनही टोमॅटोची चौदा झाडं करप्याने गेली. बाबांनी नर्सरीतून त्याच उंचीची आणून लावली, मग तुला फोटो पाठवला. पोरगी खूश व्हायला हवी, म्हणे!"

बाबा, तो फोटो मी कामाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवलाय. आम्ही प्रयोगशाळेत जोडलेला प्रथिनाचा तो इवलासा तुकडा, म्हणजे तेच औषध, करप्याचे जंतू मारतो, हे कुंड्यांमध्ये दिसलं होतं. उघड्या वाफ्यात तो टिकतो का, एवढंच तुम्हाला विचारलं होतं. परक्याला विचारलं असतं तर खरं कळलं असतं. तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तिथेच घात झाला.

उद्या सगळ्यांसमोर त्या फोटोवरून सांगितलेला निकाल मागे घेणार आहे.

झाडं कोणत्या दिवशी, कुठल्या पानापासून करपत गेली, ते जसंच्या तसं कळवा. मीही खरं लिहिते: खोली गार आहे, आणि कालपासून मी जेवलेली नाही.

तरीही तुमचीच,
धाकटी