फाट्यावरचा खांब

भुईगाव,
बुधवार, दुपार

प्रिय वसुंधरा,

पत्र बघून तू आधी हसशील. भुईगावहून विरार ते काय लांब, आणि फोन आहे की तुझ्या हातात. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तर मीच काहीतरी थट्टा करून मोकळी होते. दोन वर्षं हेच चाललंय. म्हणून आज केळींना पाणी सोडलं, खोलीचं दार लावून घेतलं आणि कागद पुढे ओढला. नवऱ्याला सांगितलंय, जेवण झाकून ठेवलंय, मला हाक मारू नकोस. रिचर्डने लग्नानंतर पहिल्यांदा माझं ऐकलं असेल.

रविवारी तू सांगितलंस की फ्लॅट विकायचं नक्की झालं, शनिवारी सह्या, आणि महिनाअखेर कौस्तुभकडे नागपूरला, कायमची. "एक दिवस मी घराबाहेर पडेन आणि परतीचा रस्ता सापडणार नाही, लिली. त्यापेक्षा पोराजवळ असलेलं बरं," असं म्हणालीस, आणि त्याच दमात विचारलंस की सोनचाफा कसा आलाय. मी "बरा आलाय" म्हटलं. फोन ठेवला आणि पडवीत जाऊन बसले. तुझी निळी सायकल तिथेच आहे. कुणाला तरी देऊन टाक म्हणून सोडून गेली होतीस. मी दिली नाही. दर महिन्याला हवा भरते, साखळीला तेल देते. का करते ते तेव्हा स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

आपली पहिली भेट आठवते तुला? सायकल-गट चालवणाऱ्या रेमंडसरांच्या अंगणात, गटाच्या पहिल्या सहलीला. तू नवी कोरी सायकल घेऊन आलीस आणि हेल्मेट उलटं घातलेलं. मी फिदीफिदी हसले. तू शांतपणे ते काढलंस, सुलट केलंस आणि म्हणालीस, "आता तुमच्या साडीची पिन उघडी आहे तीही लावून घ्या." शाळेच्या समारंभातून तशीच आले होते गं मी! त्या दिवसापासून आपलं जमलं. तू मुंबईच्या ऑफिसातली, मालवणकडची, घरी आजारी आई. मी वाडीतली, फुलं-केळी करणारी. दोघींची पन्नाशी उलटलेली. कोण म्हणालं असतं की या दोघी वाडा, विक्रमगड करत जव्हारपर्यंत पायडल मारतील?

महामार्ग सोडून शिरसाडला आत वळलो की तुझा चेहराच बदलायचा. मांडवी गेलं की चांदीप. तिथे भाताच्या बांधावर बसून माझ्या घरचे फुगे, ते तळलेले गोल पाव, आणि तुझी लसणीची चटणी खायची, हा आपला नेमच. पुढे पारोळ, वज्रेश्वरी, मग अंबाडीवरून वाडा. सपाटीवर तू गाणी म्हणायचीस. चढ आला की तुझं गाणं बंद आणि मोजणं सुरू. शंभर पायडल मारायचे, मग थांबायचं. प्रत्येक बैलाला घंटी वाजवून दाखवायचीस, प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढायचीस. सगळे पुढे निघून जायचे आणि मी तुझ्याबरोबर मागे. तक्रार नव्हती माझी. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटायचं.

आणि रेमंडसरांचा तो नियम. जिथे रस्ता फुटतो तिथे पुढच्यांपैकी एकाने उतरून उभं राहायचं, तो खांब. सगळ्यांच्या शेवटी येणारा तो शेपूट, त्याच्या अंगात नारिंगी जाकीट. शेपूट दिसल्याशिवाय खांबाने हलायचं नाही, मग ऊन लागो की तहान. आपल्या गटातल्या रॉकीने एकदा ताडी प्यायला खांबाची जागा सोडली, तर सरांनी त्याला सायकलसकट टेम्पोत घालून वसईला परत पाठवलं होतं. आपण किती हसलो होतो! डोंगरातल्या त्या रस्त्यांना धड पाट्याही नसतात आणि फोन चालत नाही. तिथे खांब म्हणजे सगळं काही. तू म्हणायचीस, मला नकाशा कळत नाही, पण फाट्यावर कोणीतरी उभं असेल हे ठाऊक आहे, म्हणून मी कुठेही जाईन.

तुझ्या आईंच्या आजारपणात मी तुझ्याकडे येत होते, त्यामुळे तुझी भीती मला माहीत आहे. त्या मला दर वेळी नव्याने विचारायच्या, "तू कोण गं बाय?" आणि तू स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहायचीस. त्या गेल्या, आणि वर्षभरातच ती जानेवारीची सहल आली. मी ती पुन्हा सांगतेय, कारण आजवर ती जशी सांगितली गेली तशीच तुझ्या मनात बसली आहे. शेपूट तू होतीस, जाकीट हट्टाने मागून घेतलं होतंस. विक्रमगडच्या पुढे, वडाचं झाड आहे त्या फाट्यावर खांब मी होते. डावीकडे जव्हारचा चढ, उजवीकडे उताराचा रस्ता, तेरा किलोमीटर जाऊन धरणाच्या पाण्यापाशी संपणारा. तू उजवीकडे गेलीस. रेमंडसर जीप घेऊन शोधत फिरले आणि दिवस कलताना तू एका आश्रमशाळेच्या ओट्यावर सापडलीस, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली. खरचटलंही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले.

जव्हारला मुक्कामाच्या हॉलमध्ये सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, "मी फाट्यावर थांबले होते. तिथे कोणीच नव्हतं." मी म्हणाले, "अगं, मी तिथेच होते. मान खाली घालून माझ्या समोरून गेलीस तू. हाक मारली, तरी वळली नाहीस."  भांडली नाहीस गं. भांडायला हवं होतंस. हळूच म्हणालीस, "आईचंही असंच सुरू झालं होतं." मग उठून जाकिटाची घडी केलीस आणि सरांना परत दिलंस.

त्यानंतर तू सायकलला हात लावला नाहीस. स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. गॅस बंद केला का ते बघायला तू जिन्यावरून परत जाऊ लागलीस. कौस्तुभने डॉक्टरकडे नेलं, त्यांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की काहीही झालेलं नाही. तू मला म्हणालीस, "डॉक्टरांचं यंत्र काय सांगेल? भरदिवसा, दहा हातांवर माझी मैत्रीण उभी होती आणि मला दिसली नाही." मी तुझा हात धरून बसले. चहा केला. एवढंच केलं मी.

रविवारच्या तुझ्या फोननंतर झोप लागेना. सोमवारी उजाडताच सायकल काढली आणि एकटी निघाले. चांदीपला बांधावर बसले, पण फुगे डब्यातच राहिले. दुपार होता होता त्या वडाखाली पोचले आणि खांबासारखी उभी राहिले. मला बघायचं होतं की तिथे उभा असलेला माणूस खरंच नजरेतून सुटू शकतो का. मनाची समजूत घालायला गेले होते, दुसरं काय! झाडाखाली एक बाई उकडलेले करांदे विकत बसली होती, मीठ लावलेले ते कडसर कंद. तिने मला निरखून पाहिलं. "तू मागं पन आली व्हतीस ना? डोक्यावर ती टोपली घालून?" मी मान डोलावली. ती म्हणाली, "तू गेलीस, अन् मागून ती दुसरी आली, नारिंगी कपड्यातली. इथंच थांबली किती येळ. लिली, लिली करून हाका मारीत व्हती. मी तिला पानी दिलं प्यायला. भेटली का गं ती तुला?"

वसू, ती बाई खरं बोलली. मी त्या फाट्यावर नव्हते. पाऊण तास उभी राहिले, आणि मग पुढच्या चढावर आपल्या गटातल्या लविना आणि डायना हसत चाललेल्या दिसल्या. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, आपणही पुढे असावं. तुझ्यासाठी मागे राहून राहून मला कंटाळा आला होता, हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे. खडूने रस्त्यावर डावीकडचा बाण काढला आणि निघाले. मागून म्हशी येत होत्या, त्यांच्या पायाखाली तो बाण किती टिकणार हेसुद्धा वाडीतल्या बाईला कळू नये? आणि हॉलमध्ये सर माझ्याकडे बघायला लागले तेव्हा रॉकीचा टेम्पो आठवला आणि तोंडातून ते खोटं निघून गेलं. तुला आईची आठवण येईल हे मला माहीत नव्हतं. पण आली ते त्याच मिनिटाला कळलं होतं, आणि तरी मी गप्प राहिले. तू थांबली होतीस. तुला सगळं बरोबर दिसलं, बरोबर आठवलं. तुझं डोकं ठणठणीत आहे, बिघडलेलं होतं ते माझं मन. हे सांगायलाच पत्र लिहिलं; उद्या रिचर्ड ते तुझ्या हातात आणून देईल. शनिवारी सही करू नकोस. नागपूरला जायचंच असेल तर नातवंडांच्या ओढीने जा, या भीतीने नको. रेमंडसरांना मी आज संध्याकाळी जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू माझ्यावर हवी तेवढी रागाव, पुन्हा बोलली नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही; फक्त स्वतःवरचा संशय सोड. येत्या रविवारी सकाळी सात वाजता दोन्ही सायकली टेम्पोत घालून मी चांदीपला येते. आपल्या बांधाशी, रस्ता वळतो तिथे उभी राहीन. तू ये किंवा नको येऊस. या वेळी मी जागची हलणार नाही.

तुझीच,
लिली