शुक्रवारी पाहिलेलं घर

निजामपुरा, भिवंडी
सोमवार

प्रिय काळूराम,

मुख्तारचा सलाम आणि नमस्कार दोन्ही पाठवतोय. सोयीचा वाटेल तो ठेवून घे आणि उरलेला कमळावहिनींना दे. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मागे भेटलास तेव्हा मंडपाच्या बांबूवर चढून दाखवत होतास. त्यानंतर तो दुखत असेल तर माझी सहानुभूती गुडघ्याला आहे, तुला नाही. साठी उलटलेल्या मंडपवाल्याने खाली उभं राहून नुसतं बोट दाखवायचं असतं. म्हैस व्याली का? खरवस पाठवते असं वहिनी म्हणाल्या होत्या, ते आम्ही विसरलेलो नाही.

कोन ते निजामपुरा एवढ्याशा अंतराला पत्र कशाला, असं तू म्हणशील. कल्याण रोड सध्या जिथे तिथे खोदून ठेवलाय, तेव्हा मी रिक्षात बसून निघण्यापेक्षा हे पोस्टाने लवकर पोहोचेल. आणि फोन म्हणशील तर चौतीस वर्षं लूमच्या गोंगाटात बोलल्यामुळे माझा आवाज आता खाली येत नाही (डॉक्टर म्हणतात कान गेलेत. कान शाबूत आहेत, ते पुढे सिद्ध होईलच). मी फोनवर खासगी काही बोललो की आत खदीजाला आणि बाहेर पानवाल्याला ते एकदमच कळतं. विषय खासगी आहे.

तर मी घर घेतोय, टेमघरला. सल्ला विचारत नाही, कळवतोय. तुला आठवत असेल, लग्नानंतर आम्ही या दोन खोल्यांत राहायला आलो, खाली कारखाना आणि वर आम्ही, तेव्हा मी खदीजाला सांगितलं होतं की वर्षा-दोन वर्षांत शांत जागी हलू. ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत. एवढ्या काळात तिने एकच तक्रार केली, पण ती रोज केली. तिला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. खाली लूम चालू असले की ती कुकरसमोर उभी राहून वाफ बघून शिट्ट्या मोजते, आणि मध्येच कुणी दार हलवलं (आमच्याकडे दार वाजवून उपयोग नसतो) की मोजणी चुकते. त्यामुळे आमच्याकडची डाळ एक तर चावावी लागते किंवा प्यावी लागते. मार्चमध्ये मी कामावरून उतरलो त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, की आता तरी शिट्ट्या मोजता येतील असं घर बघणार का. नाही म्हणायला तोंड असावं लागतं, ते मला नव्हतं.

मनोज म्हणून एक दलाल आहे, तुमच्याच बाजूचा. बोलायला गोड, चालायला भरभर, म्हणजे गिऱ्हाइकाला आजूबाजूला बघायला वेळच मिळत नाही. त्याने टेमघरला तळमजल्याचं घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे चार पावलांचं अंगण आणि त्यात एक शेवगा. पाणी बरं, कागद साफ. आणि शांतता तर अशी की खदीजाने स्वयंपाकघरातला नळ किंचित सोडला आणि थेंब पडतोय तो ऐकत उभी राहिली. मी दोनदा विचारलं काय झालं, तिने बोटानेच मला गप्प केलं. तिचा तो चेहरा बघून मी तिथल्या तिथे मनोजला होकार दिला. आता माझा मूर्खपणा ऐक. तो दिवस शुक्रवार होता.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद, हे तुला काय सांगायचं. परगावचा माणूस असता तर त्याला संशय आला असता, की या गावात एवढी शांतता कशी काय. मला नाही आला, कारण शुक्रवारी शांत असतंच, हे माझ्या हाडांत भिनलंय. मनोजने आम्हाला तीन घरं दाखवली, तिन्ही शुक्रवारी दाखवली, आणि चौतीस वर्षं बिघडलेले लूम ताळ्यावर आणलेल्या या जॉबरला एकदाही वाटलं नाही की या पोराचा दुसरा कुठला वार रिकामा का नसतो. उलट मी खदीजाला म्हणालो, बघ, मुलगा किती समजूतदार आहे, आपल्या सुट्टीच्या दिवशीच बोलावतो.

शनिवारी मी टेप घेऊन एकटाच गेलो, कपाट बसतं का बघायला. भिंतीला टेप लावली तर टेप थरथरायला लागली. मला वाटलं माझा हात कापतोय, वय झालं. मग मी हात काढला, तरी टेप थरथरतच होती. भिंतीपलीकडे कारखाना, बारा लूम, भिंत दोघांत एक. मनोजला फोन लावला तर तो जराही न गडबडता म्हणाला, "चाचा, कारखाना हाय ना बाजूला. तुम्हाला ठावं आसल म्हनून बोललो न्हाय. तुम्ही तं त्यातलंच मानूस." मी त्याला जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. व्यवहार मोडायचं मी त्याच क्षणी पक्कं केलं, आणि मोडलाही असता. पण राग शांत व्हावा म्हणून ओट्याला टेकून पाच मिनिटं उभा राहिलो, तिथे घात झाला. बारांतला एक लूम चुकत होता.

काळू, तुला हे समजावणं कठीण आहे. समज, तू जेवायला बसलायस आणि समोरच्या मंडपाचा एक बांबू वाकडा आहे. तुला घास गिळवेल का? भिंतीच्या टोकाकडून चौथा लूम धोटा फेकताना किंचित उशीर करत होता. चामड्याचा पट्टा सैल, दुसरं काही नाही. हे मला भिंतीच्या अलीकडून कळत होतं आणि आत काम करणाऱ्या माणसांना कळत नव्हतं. मी गेलो. मालक मुदस्सिर, पस्तिशीचा, बापाच्या मागे कारखाना रडतखडत चालवणारा पोरगा. त्याला वाटलं मी नोकरी मागायला आलोय. म्हणाला, "चाचा, अभी जगह नहीं है, पुढच्या महिन्यात बघा." मी म्हटलं, नोकरी नको, पाना दे. पट्टा आवळला, लूम सुतासारखा चालू लागला, आणि मी घरी आलो. खदीजाला सांगितलं, कपाट बसतं.

दुसऱ्या दिवशी सातवा लूम तार तोडत होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फक्त नळाचं बघायला गेलो होतो. असं आठवडाभर चाललं. घराची सगळ्या बाजूंनी चौकशी करतोय, असं मी घरी सांगत होतो, आणि तेही खोटं नव्हतं, एका बाजूची तर फारच बारकाईने चालली होती. गुरुवारी खदीजाने माझ्या भुवईतला कापूस चिमटीत धरला, नाकासमोर आणला आणि विचारलं, चौकशी कितव्या लूमपर्यंत आली. मी सगळं कबूल केलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मग ते घर नको, आणि कुकर लावायला उठली.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, हे तुला सरळ सांगतो. मी तिला आयुष्यभर दिलेली एकच वस्तू म्हणजे गोंगाट, आणि म्हातारपणी पुन्हा तीच घेऊन देत होतो, वर कपाटही बसतं म्हणून सांगत होतो. मुदस्सिरला जाऊन म्हटलं, बाबा, मी काही शेजारी होत नाही, लूम आता तूच सांभाळ. तर तो हसून म्हणाला, सांभाळायचे कुठे आहेत चाचा, काम मिळत नाही, दिवाळीनंतर बाराही लूम भंगारात देणार आणि जागा पार्सलच्या गोडाऊनला भाड्याने. गोडाऊन म्हणजे खोकी, आणि खोकी आवाज करत नाहीत.

हे कळल्यावर सगळे खूश. मनोज खूश, कारण आता तो सांगतो की त्याला हे आधीच माहीत होतं. खदीजा एवढी खूश की तिने स्वतः होऊन म्हटलं, दिवाळीपर्यंत काय, तेवढं सोसू. गेल्या शुक्रवारी आम्ही दोघं त्या घरी चहाचा थर्मास घेऊन गेलो आणि दोन तास नुसते बसलो. मी फारसं काही बोललो नाही, तिला तिची शांतता मिळू दिली. बुधवारी बयाना देतोय. मीही खूशच आहे. खूश नसायला काय झालं? ज्या घरात एकच खोट होती ती आपणहून जातेय, एवढं नशीब कुणाचं असतं. घर घ्यायचं हे नक्की, त्यात आता इकडचं तिकडे होणार नाही. राहायला गेल्यावर बिर्याणीला तुम्ही दोघांनी यायचं, वहिनींच्या शाकाहारी बिर्याणीला वेगळं भांडं, वेगळा हात, सगळी व्यवस्था होईल.

वहिनींना आणि मुलांना दुवा. म्हशीला विचारल्याचं सांग.

तुझा,
मुख्तार

ता. क. तू मंडपाचं कापड सुरतेहून आणतोस ना? इतक्या लांबून कशाला आणतोस? कोरं कापड इथेच विणून घे, रंगवायला हवं तिथे पाठव. टेमघरला माझ्या ओळखीचा एक चांगला कारखाना आहे, बारा लूम, बाराही सध्या घड्याळासारखे चालतात, हे मी खात्रीने सांगू शकतो. पोरगा प्रामाणिक आहे, फक्त काम नाही. तुझं लग्नसराईचं कापड त्याला मिळालं तर भंगारवाल्याला निदान वर्षभर थांबवता येईल. तू म्हणशील मुख्तार, तू वेडा आहेस. असेन. पण त्या शुक्रवारी दोन तास भिंतीपलीकडून काहीच आलं नाही आणि मला वाटलं, मलाच कुणीतरी बंद केलंय.

आणखी ता. क. हे खदीजाला कळता कामा नये. खरवस घेऊन आलास तरी या विषयावर तोंड उघडू नकोस. ऑर्डर तुझी तू आपणहून दिलीस, असंच दिसलं पाहिजे.

काळूभाऊ, खदीजाचा सलाम. हे पाकीट उघडं टाकून नमाजला गेलेत, म्हणून घाईत लिहिते. फारसं बोलले नाहीत म्हणतात ना, ते त्या शुक्रवारी दोन तास बोलत होते. कारखाना बंद, आणि एरवी शुक्रवारी हे घरात टिकत नाहीत, त्यामुळे मला पहिल्यांदाच त्यांचं सगळं ऐकू आलं. इतकी वर्षं मी निम्मं ऐकून मान हलवत होते आणि आमचं छान चाललं होतं. मध्येच थांबायचे, भिंतीला हात लावायचे, आणि पुन्हा बोलायला लागायचे. तो हात मला बघवला नाही. तेव्हा मुदस्सिरला ऑर्डर द्या, आणि मला माहीत आहे हे ह्यांना सांगू नका. लपवल्याचं समाधान असू दे त्यांना. फक्त काम दिवसपाळीपुरतंच द्या. संध्याकाळी मी ऐकेन त्यांचं.