‘लग्न ठरले आहे’ हे लिहिलं कुणी?

राणीसावरगाव, रविवार

चि. साधनास रायभानमामाचे पोटभर आशीर्वाद. (चि. सौ. कां. असं सगळं रीतसर लिहिणार होतो, पण सध्या त्यावरूनच इकडं वादळ उठलंय, म्हणून हात आवरला.) लॅबमध्ये दिवसभर उभं राहून पाय दुखतात म्हणाली होतीस, ते आता कसं आहे? इकडं तुझी मामी, शेळ्या, मेंढ्या सगळे खुशाल. बोरीला तुझी आईही खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. फोनच केला असता, पण आपल्या घरात फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत, आणि विचारलेलं नसताना मागून चार जण उत्तरं देतात. म्हणून हे पाकीट. डिंक लावून बराच वेळ दाबून धरणार आहे.

आपल्या समाजाच्या वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर तुझी नोंद आईच्या आग्रहावरून झाली, हे तुला ठाऊक आहे. मंडळाचा सचिव मी, त्यामुळे गाऱ्हाणी माझ्याच दारात येतात. गेल्या आठवड्यात पिंगळीचे लोक आधी नुसतं घर बघायला बोरीला यायचे होते, तुला पुढच्या खेपेला बोलवायचं आईनं कळवलंच असेल. मुलगा रामप्रसाद, घरचं सगळं चांगलं. आईनं अंगण सारवलं, शेजारून कपबश्या आणल्या, आणि ऐन वेळी त्यांचा फोन आला की, तुमच्या पोरीचं लग्न ठरलंय म्हणून साइटवर लिहिलंय, मग आमची थट्टा कशाला करता? बघितलं तर खरंच. तुझ्या फोटोखाली ठळक अक्षरांत ‘लग्न ठरले आहे’. पिंगळीचा विषय तिथंच संपला. वर संध्याकाळी तुझी चुलती बायनाबाई साडीचोळी घेऊन हजर, आणि आपल्याला न सांगता ठरवलंच कसं म्हणून पायरीवर रुसून बसली. (चहा मात्र पायरीवरच घेतला. जाताना साडी घेऊन गेली.) तुझी आई रडली गं. मला म्हणाली, “माझ्या लेकीच्या नावाशी कोन खेळायलंय ते हुडकून काढ, मंग बोल माझ्याशी.” मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरीच्या नावाची गोष्ट होती.

साइट उभी केली गंगाखेडच्या हरिओमनं, तो ऑनलाइन सेंटर चालवतो. त्याच्याकडे गेलो. त्यानं बराच वेळ खाटखुट केलं आणि चेहरा पाडून बसला. नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिलेला नाही, प्लगइन म्हणून तयार प्रोग्रॅम फुकट मिळतो, तोच आयता जोडलाय. त्या प्लगइनात खोट निघाली. आत आलेला माणूस मंडळाचा सभासद आहे का, एवढंच ते बघतं. मग तो कुणाच्या नोंदीला हात लावतोय, त्याला तो हक्क आहे का, हे विचारतच नाही. मला लगेच उमगलं. मेंढरांच्या वाड्याच्या फाटकावर माणूस बसवायचा, पण आत गेलेला कुणाची खूण असलेलं मेंढरू उचलतोय हे बघायचंच नाही, तसलं काम. “इजाजत तपासायचीच राहिली मामा,” हरिओम म्हणाला. दुरुस्त केलेलं प्लगइन कधीच आलंय म्हणे, एक बटण दाबायचं. पण अध्यक्ष किशनराव म्हणाले, बैठकीच्या मंजुरीशिवाय बटण दाबायचं नाही. एकदा सभासद झाल्यावर साऱ्या साइटवर मंजुरी लागणारी तेवढी एकच गोष्ट निघाली.

बैठक खंडोबाच्या मंदिरात भरली. मला वाटलं होतं, कुणीतरी लबाड सापडेल. पण मी विचारायच्या आतच लोक अभिमानानं सांगू लागले. सीताराम तात्यांनी तुझी उंची थोडी वाढवली होती, मुलाकडच्यांना बरं वाटावं म्हणून. बायनाबाईनं ‘पुरणपोळी उत्तम’ घातलं होतं. (तुझी पुरणपोळी मी खाल्लेली आहे. असो.) खुद्द किशनरावांनी ‘लग्नानंतर नोकरी करणार’ ही ओळ काढून टाकली होती, ते पुढचं पुढं बघू म्हणून. दुसऱ्याच्या नोंदीत लिहिता येतंय याचं एकालाही नवल वाटलं नव्हतं. सोयरिकीच्या बैठकीत ओट्यावर बसलेला प्रत्येक जण बोलतोच, तशीच ही सोय असेल असं सगळ्यांनी धरलं. “लेकरू आपलंच हाय की, आमी काय परके हाव का?” तात्या म्हणाले, आणि खरंच दुखावले.

पण ‘लग्न ठरले आहे’ हे आपण लिहिलं असं कुणीच म्हणेना. शेवटी बेलभंडारा उचलून शपथ घ्यायचं ठरलं. मी पहिला उचलला. मग एकेक सभासद देवासमोर आला. जे बाहेरगावी होते त्यांनी व्हिडिओवर उचलला. औरंगाबादच्या भुजंगकडे भंडारा नव्हता, त्यानं स्वयंपाकघरातली हळद घेतली, ती चालते की नाही यावर वेगळी चर्चा झाली. सगळ्यांनी शपथ घेतली. गुन्हेगार सापडला नाही, बटणाला मंजुरी मिळाली, आणि प्रसाद घेऊन लोक घरी गेले. तब्येतीला जप.

तुझा,
रायभानमामा

ता. क. : वरचं लिहून झाल्यावर मेंढरांमागं चालता चालता विचार केला. खंडोबाच्या भंडाऱ्यावर आपलं माणूस खोटं बोलत नाही, आणि माझ्या मंजुरीशिवाय परका कुणी सभासद होत नाही. मग एकच सभासद उरतो. त्याला भंडारा उचलायला कुणी बोलावलंच नाही, कारण ज्याच्या लग्नाचं चाललंय त्याला विचारावं, हे आम्हा एवढ्या लोकांत कुणालाच सुचलं नाही. साधना, त्या नोंदीत लिहायचा हक्क एकट्या तुझा होता, आणि आम्ही तुलाच चोर म्हणून शोधत होतो.

आणखी ता. क. (सोमवारी) : हरिओमनं बटण दाबलं. आता तुझ्या नोंदीत तुझ्याशिवाय कुणाला अक्षर बदलता येत नाही. तुझ्या आईनं अबोला सोडून पहिली गोष्ट काय केली असेल, तर तुझा पासवर्ड मागून घे म्हणाली. तू विसरलीस असं मी सांगितलंय. विसरलेलीच राहा.

शेवटचं : लग्नात मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. तेव्हा समोर कोण असणार, त्याचं नाव मला आधी कळव, आईला कसं सांगायचं ते मी बघतो. आणि नाव नसेलच, पिंगळीच्या लोकांना चहा द्यायचा नव्हता म्हणून लिहिलं असशील, तर तेही कळव. पाठीशी उभं राहायला मला मांडव लागत नाही.