बुरशी आहे

बेळ्ळंदूर,
११ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास विलासचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. राजाजीनगरहून बेळ्ळंदूरला पत्र यायला पाच दिवस लागतात आणि तुला यायला वर्ष, तेव्हा पत्रच बरं. तेराव्या मजल्यावर मी मजेत आहे, असं मुग्धा सगळ्यांना सांगते. कानाचं नवं यंत्र घेतलं, त्यातून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. म्हणून फोन करू नकोस, लिहीत जा.

कल्पना गेल्यापासून पहिल्यांदाच आनंदाची बातमी आहे. माझी शेवटची विद्यार्थिनी प्रांजली हिच्या संस्थेनं माझ्या गवताच्या बिया कायमच्या सांभाळायचं कबूल केलं. वीस तारखेला ती बर्फाची पेटी घेऊन तुझ्याकडे येईल. तुझ्या मागच्या खोलीतल्या माझ्या जुन्या फ्रिजमधली तेवीस पाकिटं तिला दे.

हे तुला मी कधी समजावलंच नाही. सुरुवात केली की तू लोणच्याच्या बरणीवर घसरायचीस, आणि मी चिडून गप्प बसायचो. यातल्या अकरा पाकिटांतल्या बियांच्या आत एक बुरशी राहते. बाहेरून काही दिसत नाही. गवत तिला खायला घालतं. ती गवताला अळी-मावा लागू देत नाही. जनावरानं ते गवत पोटभर खाल्लं तर मात्र त्याचे पाय लटपटतात. ती हवेतून पसरत नाही, आईकडून बीत, बीतून रोपात, एवढीच तिची वाट. आणि ती थंडीतच टिकते. उष्णतेत बी जगतं, ती मरते. हिमाचलातल्या ज्या कुरणावरून मी आणि कल्पनानं हे बी आणलं, तिथून आता रस्ता गेलाय. म्हणजे जे आहे ते तुझ्या घरात आहे. फ्रिज तेवढा बंद पडू देऊ नकोस.

तब्येत जप. तुझ्या दोन ओळींची वाट पाहतो.
तुझा,
विलास


राजाजीनगर,
१७ ऑक्टोबर २०२४

चि. मुग्धास आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या महादेवपुऱ्याच्या ऑफिसवर पाठवते आहे. बाबाला दाखवू नकोस.

पाडव्याच्या आवराआवरीत मी तो फ्रिज पुसायला काढला. पाकिटांवर तुझ्या आईच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. बारांवर ‘बुरशी नाही’, अकरांवर ‘बुरशी आहे’. मला वाटलं, अगंबाई, एवढ्या जपलेल्या बियांना बुरा आला, आणि बिचारीला काही करायला वेळच मिळाला नाही. मग ती अकरा पाकिटं मी गच्चीवर कुरडयांशेजारी आठ दिवस कडक उन्हात वाळवली, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरली आणि गॅसवरच्या फळीवर ठेवली. सहा महिने तिथंच होती. चांगली बारा ठेवली फ्रिजात.

विलासचं पत्र आलं तशी सगळी परत फ्रिजात घातली आहेत. चैत्रात चिमूटभर बी मी नारळाच्या करवंटीत पेरून पाहिलं होतं, चार दिवसांत हिरवंगार आलं. मग सरी, ठीकच असेल ना सगळं? त्या प्रांजलीला हळूच विचार. मला भीती वाटते गं.

तुझी,
श्यामलाआत्या


महादेवपुरा,
८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास मुग्धाचा शि. सा. न.

फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकून मला बोलता आलं नसतं. प्रांजलीनं सगळ्या पाकिटांतलं बी पेरलं आणि दीड महिन्यानं प्रत्येक रोप मायक्रोस्कोपखाली पाहिलं. उगवलं सगळं. बुरशी एकातही नाही. अकराच्या अकरा पाकिटं संपली. संस्थेला नुसत्या गवताचा उपयोग नाही.

मी तिला तुझं नाव सांगितलेलं नाही. बाबांना तिनं रिझल्ट कळवला. ते जेवताना ताटावरून उठले. आत्या, प्लीज, तूच त्यांना लिही. माझ्याकडून कळायला नको.

तुझी,
मुग्धा


राजाजीनगर,
१४ डिसेंबर २०२४

चि. विलास यास अनेक आशीर्वाद.

इकडे थंडी स्वल्प जास्तच आहे यंदा. शेजारच्या देवाप्पांनी परसातली अवरेच्या शेंगांची टोपली दिली, सोलून सोलून बोटं काळी झाली. गुडघा तसाच. मल्हाररावांच्या नातीचं लग्न ठरलं, मुलगा म्हैसूरचा. तू स्वेटर घालत जा, तेराव्या मजल्यावर वारं लागतं.

प्रांजली गुणी पोर दिसली. बिया नीट पोचल्या ना?

तुझी,
अक्का


बेळ्ळंदूर,
२६ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न.

वीस ऑक्टोबरला प्रांजली तुझ्याकडून पेटी घेऊन संस्थेत जायच्या आधी इथे आली होती. कल्पनाचं अक्षर एकदा पाहून घ्यावं म्हणून मीच तिला बोलावलं होतं. पहिल्याच पाकिटात कडुनिंबाचं वाळलेलं पान निघालं. अशी पानं डब्यात घालणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे? तरी मी वेड्यासारखी आशा धरली. बाल्कनीत दोन कुंड्या पेरल्या. आज त्यांच्यावर मावा आहे. या अकरांतल्या गवतावर तो मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

राग आला, अक्का. फार आला. कल्पनाच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं. मग आठवलं की चाळीस वर्षं तुला समजावायचा आळस मीच केला, आणि राग ओसरला.

पण तुझं पत्र आलं. त्यात अवरेच्या शेंगा, गुडघा, म्हैसूरचा मुलगा, आणि ‘बिया नीट पोचल्या ना?’ ते मी चार वेळा वाचलं. बी गेल्याचं सोसेन. मला आता पत्रातलंच काय ते ऐकू येतं. त्यात तरी खरं लिहीत जा.

विलास


राजाजीनगर,
२ जानेवारी २०२५

चि. विलास,

मीच वाळवल्या. चांगलं करायला गेले आणि कल्पनाचं तेवढंही तुझ्याकडे राहू दिलं नाही. तुझं ऑक्टोबरचं पत्र वाचलं त्या दिवशीच मला कळलं होतं. धीर झाला नाही. सत्याहत्तराव्या वर्षी धाकट्या भावाला भ्याले. क्षमा माग म्हणालास तर मागते, पण तू म्हणणार नाहीस, आणि तेच जास्त लागतं.

चैत्रात पेरलं होतं ते गवत करवंटीतून कुंडीत लावलं होतं. अजून आहे, खिडकीत. पावसाळ्यापासून त्यावर मावा येतोय. मला वाटायचं, गवत म्हटलं की येणारच. तुझं पत्र वाचल्यापासून रोज सकाळी चष्मा लावून बसते आणि एकेक पातं धरून बोटांनी मावा काढते. संध्याकाळी पुन्हा आलेला असतो. पुन्हा काढते.

अक्का