बेटासमोरची जागा

धार,
१२ नोव्हेंबर २०२४

श्रीयुत रघुनाथराव निकम, मु. देवास, यांस व्याही तुकाराम बोडखे याचा आदराचा नमस्कार, वि. वि.

आम्ही उभयता सुखरूप पोचलो. इंदूरला गाडी बदलताना सौ.ची पिशवी राहिली असं वाटून मी घाबरलो होतो, पण ती माझ्याच खांद्यावर होती. फोनवर मला नीट बोलता येत नाही, समोरचा माणूस घाई करतो आणि मी भलतंच बोलून बसतो. कागदावर खोडता तरी येतं. मोतीबिंदूमुळे अक्षर मोठं काढावं लागतं, त्याला राग समजू नये.

दिवाळीत आपण आणि उमाबाईंनी आमचं फार केलंत. एक विचारायचं मात्र राहून गेलं. आपल्या पुढच्या खोलीत, सोफ्याच्या वरच्या भिंतीला ओल आली आहे का? अल्पनाच्या लग्नात मी दिलेला नर्मदेचा फोटो तिथे असायचा. धरमपुरीचा, धुक्यातली नाव आणि मागे बेटावरचं महादेवाचं देऊळ. या खेपेला तिथे मांडूचा रंगीत फोटो दिसला आणि कोपऱ्यात आपलं नाव. सगळं हिरवं होतं, एवढंच मला दिसलं. ओल असेल तर माझा काढून ठेवलात हे योग्यच झालं, जुना कागद लगेच फुगतो. पण मग आपला रंगीत तिथे कसा टिकतो, ते कळवावं.

मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. जन्म स्टुडिओत गेला, लोकांना हनुवटी वर करा सांगण्यात. आपण कारखान्यातून निवृत्त झालात, कॅमेरा घेतलात आणि चार वर्षांत भिंतीपर्यंत आलात. मला दुकानातून भिंतीवर यायला तीस वर्षं लागली. नशीब ज्याचं त्याचं.

उमाबाईंना नमस्कार, नातू चि. शौर्यला आशीर्वाद. लोभ आहे तसाच ठेवावा, भिंतीकडे थोडं लक्ष द्यावं.

आपला,
तुकाराम बोडखे


देवास,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. तुकारामजी व्याही यांना रघुनाथ निकमचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

भिंत ठणठणीत कोरडी आहे. तुम्ही इथे दोन दिवस होतात, चार वेळा त्या भिंतीखाली चहा प्यायलात आणि विचारलं मात्र धारला गेल्यावर. उमा म्हणते, व्याही असावेत तर असे, भांडण पोस्टाने पाठवणारे.

तुमचा फोटो माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे. चौकटीतून काढून प्लास्टिकमध्ये घातला आहे, काळजी नको. खिळा रिकामा दिसू नये म्हणून उमाने माझा मांडू लावला. तुमचा फोटो हातात धरून मी दोन हिवाळे धरमपुरीचा घाट पालथा घालतो आहे. देवळाचा कळस जुळवावा तर नाव लहान येते, नाव जुळवावी तर देऊळ अंगावर येतं. आणि मुख्य म्हणजे सूर्य. उजेड समोरून येतो, धुकं आतून पेटल्यासारखं दिसतं, पण सूर्य कुठेच नाही. माझ्या प्रत्येक फोटोत तो पांढरा डाग होऊन बसतो. तुमच्या अख्ख्या दुकानाहून माझा कॅमेरा महाग आहे, हे उमा मला रोज ऐकवते.

कारखान्यात होतो तेव्हा कुठलंही मशीन खोलून आत काय आहे ते मी सांगायचो. तुमचा फोटो खोलता येत नाही. खोटं कशाला लिहू, मला तुमचा हेवा वाटतो. कुठे उभे होतात आणि कुठल्या वेळी, एवढं सांगा. या हिवाळ्यात मला तो फोटो काढायचाच आहे.

कुसुमावतीबाईंना नमस्कार. माया असू द्यावी आणि जागा सांगावी.

तुमचा,
रघुनाथ


धार,
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. अल्पनास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्यांचं पत्र तुझ्या आईने मला वाचून दाखवलं. त्यातलं हेवा वाटतो हे वाक्य मी तिला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली की आता पाठ झालं असेल, पोळी खा.

पण बेटा, तो आनंद जेवणापुरताच टिकला. जागा कळली की तो माणूस त्या कॅमेऱ्याने एका सकाळी माझा फोटो काढून मोकळा होईल, वर रंगीत. मग बोडखेचा फोटो म्हणजे तो जुना, पिवळा पडलेला, असं म्हणतील. माझ्याकडे दुसरं काय आहे? लग्नाचे, मुंजीचे, रेशनकार्डाचे फोटो लोकांनी नेले. माझ्यासाठी म्हणून काढलेला तो एकच.

तुला सांगतो, तू तिकडे बोलू नकोस. घाटाच्या खालच्या अंगाला कपडे धुण्याचा सपाट दगड आहे. त्यावर मी माघातल्या पहाटे पोटावर पडलो होतो. सूर्य वर आला तशी नाव बेटाकडून निघाली. नावाडी सूर्याच्या बरोबर पुढे येईपर्यंत मी थांबलो. त्याच्या पाठीने सूर्य झाकला, धुक्याच्या कडा उजळल्या, तेव्हा श्वास धरून दाबलं. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढताना देवळावर हाताची सावली धरली, नाहीतर जास्त उजेड लागून ते कागदावर काळं ठिक्कर पडतं. सूर्य फोटोतच आहे, माणसाच्या मागे आहे.

हे मी त्यांना कळवलेलं नाही. त्यांना लिहिलं आहे की घाटाच्या वरच्या अंगाला, शेतकऱ्यांच्या पंपांचे पाइप नदीत उतरतात तिथे, संध्याकाळी उभे राहा. तिथे विजेच्या तारा आहेत, पाइपांचं जंगल आहे आणि चिखल. फोटो काही निघायचा नाही. तुझी आई म्हणाली की व्याह्याला चिखलात पाठवणारा मुलीचा बाप तिने पहिल्यांदाच पाहिला. मी म्हणालो, चिखल घोट्यापर्यंतच आहे.

पत्र पेटीत टाकल्यापासून मात्र जिवाला चैन नाही. त्यांचा गुडघा दुखतो, घसरले तर? जाताना काठी न्यायला सांग. का ते सांगू नकोस.

डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल पुन्हा लिहू नकोस. आपल्या गल्लीतल्या मेधाताईंच्या भावाने केलं, त्याला आता दिव्याभोवती कडी दिसतात. मला जेवढं दिसतं तेवढं पुरे आहे. जावईबापूंना आशीर्वाद. आईबापावर जीव असू दे.

तुझे,
बाबा


देवास,
१६ जानेवारी २०२५

ती. बाबांना आणि आईला अल्पनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तिळगूळ घ्या, गोड बोला. बाबा, तुम्ही तर जरूर बोला. माझी मराठी लिहायची आदत सुटली आहे, गलत्या दिसल्या तर आईला दुरुस्त करायला सांगा.

तुमचे व्याही, आमचे दादा, डिसेंबरात तुमच्या जावयाबरोबर, प्रणवबरोबर, धरमपुरीला जाऊन आले. तुम्ही सांगितलं त्याच जागी. काठी मी गाडीत आधीच ठेवली होती. परत आले तर पँट चिखलाने भरलेली आणि चेहरा असा की कोणी काही विचारलं नाही. दोन दिवस कंप्यूटरची खोली आतून बंद करून बसले. मला वाटलं, झालं, आता माझी खैर नाही. तिसऱ्या दिवशी कंप्यूटरवर फोटो लावून सगळ्यांना हाक मारली.

बाबा, काय फोटो आहे. काळे पाइप तिरपे पाण्यात उतरले आहेत, खूप सारे, आणि एकेका पाइपवर एकेक बगळा, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. ऊन इतकं खाली की पाणी तांब्याचं वाटतं. त्या तारासुद्धा चांगल्या दिसतात, पाटीवर रेघा ओढाव्यात तशा. इथल्या निवृत्त लोकांच्या मंडळाने प्रदर्शन भरवलं, तर सगळी गर्दी त्याच फोटोसमोर. बघायला आलेले एक भिया तर मला विचारत होते की ही खरंच आपलीच नर्मदाजी आहे का.

आता जे लिहिते ते बसून ऐका. फोटोखाली दादांनी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: जागा दाखवणारे गुरू, श्री. तुकाराम बोडखे, धार. लोक मला येऊन विचारत होते की हे तुझे पापा का. मी हो म्हटलं. हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

प्रणवच्या हाती एक मोठा प्रिंट पाठवते आहे. तुम्हाला तर नीट दिसणार नाही, म्हणून आई सांगेल ते मानून घ्या. आईला तो फार आवडेल, हे आधीच सांगून ठेवते.

आशीर्वाद असू द्या, आणि माझ्यावर चिडू नका.

तुमची,
अल्पना


धार,
१२ फेब्रुवारी २०२५

श्रीयुत रघुनाथराव यांस धारहून तुकाराम बोडखे याचा नमस्कार, वि. वि.

अक्षर लहान झालेलं दिसेल. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी करणार नव्हतो. आपला फोटो आला तेव्हा मला तपकिरी कागदावर पांढरे ठिपके दिसले. सौ.ने तो खिडकीपाशी नेऊन वर्णन केलं. शेजारणीला बोलावलं, तिने केलं. दूधवाला आला, तोही दूध मापायचं सोडून बघत राहिला आणि म्हणाला की असा फोटो त्याने जन्मात पाहिला नाही. त्याच्या लग्नाचे फोटो मी काढले आहेत. त्याच दुपारी मी अल्पनाला फोन लावून तारीख घ्यायला सांगितली. आपला फोटो चांगला आहे हे दूधवाल्याकडून ऐकून मरण्यापेक्षा डोळा गेला तरी चालेल, असं मनात आलं.

पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी पिशवीतून आपला फोटो काढला. डॉक्टर थांबले, मग तेही बघू लागले आणि कुणी काढला म्हणून विचारलं. मी सांगितलं की व्याह्यांनी. दुसरा इलाज नव्हता.

डावीकडून तिसऱ्या बगळ्याची मान हलली आहे. बाकी दोष सापडला नाही. दोन दिवस शोधत होतो.

आता विनंती अशी की खालचं माझं नाव काढावं. गुरू वगैरे शब्द मला पेलत नाही. इथे धारमध्येही कळलं आहे, लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करतात आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. प्रदर्शन संपलं असेल तरी घरच्या फोटोवरून काढावं. जागा सांगणं म्हणजे काही विशेष नाही.

उमाबाईंना नमस्कार. मनात किंतु न ठेवता लोभ करावा.

आपला,
तुकाराम


देवास,
२० फेब्रुवारी २०२५

ती. तुकारामजींना रघुनाथचा नमस्कार, वि. वि.

डोळा उघडला हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. धूळ, धूर आणि दुसऱ्यांचे फोटो यांपासून त्याला जपा.

नाव काढणार नाही.

आता ऐका. तुम्ही सांगितलेल्या जागी मी पोचलो तेव्हा एक नावाडी जाळं धूत होता. त्याने विचारलं की इथे काय हरवलंय का. मी फोटो दाखवला. तो पोट धरून हसला आणि म्हणाला की बाबूजी, हा तर खालच्या अंगाचा आहे आणि सकाळचा आहे, तुम्हाला इथे संध्याकाळी ज्याने पाठवलं तो तुमचा दुश्मन असला पाहिजे. मी म्हणालो, नाही, व्याही आहे. त्यावर तो म्हणाला, मग बरोबर आहे.

म्हणजे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. प्रणव गाडीचं पंक्चर काढायला धामनोदला गेलेला. गुडघ्यामुळे घाट चढवेना. बांधावर बसून मी तुम्हाला माझ्या गावच्या अहिराणीत शिव्या घातल्या, एकही शिल्लक ठेवली नाही. त्या संपल्यावर करायला काही उरलं नाही म्हणून समोर पाहिलं. जागा देखणी असती तर चार फोटो काढून उठलो असतो. रागाने बसलो म्हणून इतका वेळ बसलो, आणि मग बगळे येऊ लागले.

नाव मुद्दाम लिहिलं. रोज कुणीतरी तुमचं अभिनंदन करावं आणि तुम्हाला ते गिळावं लागावं, एवढीच इच्छा होती. मला वाटलं, पंधरा दिवसांत तुम्ही कबूल कराल. तुम्ही तर डोळा कापून घेतलात. हा हट्ट पाहून उमाने मांडू उतरवला आणि तुमची नर्मदा पुन्हा भिंतीवर लावली. मी तिच्याखाली चहा पितो आणि सूर्य शोधतो. अल्पनाला विचारलं तर नुसती हसते. मुलगी तुमचीच.

कुसुमावतीबाईंना नमस्कार. राग गेला आहे, हेवा तेवढा आहे. तो समजून घेऊन स्नेह ठेवावा.

तुमचा,
रघुनाथ


धार,
११ मार्च २०२५

प्रिय रघुनाथराव यांस तुकारामाचा मनापासून नमस्कार.

तुमचं पत्र मी स्वतः वाचलं आणि गादीखाली ठेवलं. सौ.ने ते काढून वाचलं आणि त्या नावाड्याला साडी-चोळीचा मान नसतो म्हणून हळहळली.

सूर्य नावाड्याच्या पाठीमागे आहे. त्याची पाठ सूर्याच्या बरोबर आड येईपर्यंत थांबलो होतो, बाकी काही जादू नाही. आता चहा शांतपणे प्या. तो फोटो मात्र तुम्हाला मिळायचा नाही, मलाही नाही. परवा मुद्दाम रिक्षा करून धरमपुरीला गेलो होतो. ज्या दगडावर मी पडलो होतो तो पाण्याखाली गेला आहे. धरणाच्या पाण्याने नदी इतकी चढली आहे की देऊळसुद्धा खाली बसल्यासारखं वाटतं. इतके दिवस मी ज्याला तुमच्यापासून जपत होतो ते तिथे नव्हतंच. मी काठावर उभा राहिलो, तर सौ. म्हणाली, आलोच आहोत तर वरच्या अंगाला चला.

मी जाणारच होतो. खोटं बोलत नाही, अल्पनाचा जुना मोबाइल त्यासाठीच खिशात घेतला होता. तुमच्या बांधावर स्टूल टाकून बसलो. नव्या डोळ्याने पाहिलं तर पाइप तसेच, तारा तशाच, ऊनसुद्धा तुमच्या फोटोसारखंच तिरपं पडलेलं. तिथून मी आयुष्यभर नाक मुरडून गेलो आहे, तेव्हा हे कसं दिसलं नाही याचा मला राग आला. पुष्कळ वेळ बसलो. सौ. रिक्षात बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती आणि रिक्षावाल्याला तुमच्या फोटोचं वर्णन सांगत होती. अंधार पडेपर्यंत एकही बगळा आला नाही. एक म्हैस आली, ती पाइपवर बसली नाही.

तेव्हा आता तुम्ही सांगायचं. बगळे कुठल्या महिन्यात येतात, वेळ कोणती, त्यांना काही खायला टाकलं होतंत का, तुम्ही बांधाच्या कुठल्या बाजूला होतात. उजव्या डोळ्याची तारीख घेतलेली आहे, तो होताच मी पुन्हा जाणार आहे.

उमाबाईंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. लोभ असू द्यावा आणि रघुनाथराव, खरं कळवावं.

तुमचा,
तुकाराम