दादाच्या नावाची गाडी

गांधीधाम, २० सप्टेंबर २०२३

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमाले ऐकू येत नाही, नुसतं हो-हो म्हणता. म्हणून लिहून राहिलो. दादाच्या पोरीने, अंजूने कानाशी जोरात वाचावं, दादा-वहिनीनेही ऐकावं.

कंपनीने गाडीत तोंडासमोर कॅमेरा बसवला. जांभई दिली का तो कुईकुई करते अन् तिकडून मुनीम शिव्या घालते. डोळा खाजवला तरी म्हणते, झोपला! दुसऱ्याची गाडी हाकणं पुरे झालं. आजवरच्या कमाईतून नागपुरात जुना दहाचक्का ट्रक ठरवला आहे. मले सुट्टी नाही, म्हणून कागद दादाच्या नावाने करा. पोळ्यात आपल्या घरचे बैल मोठ्याच्याच हाताने निघतात. गाडीही तशीच निघू द्या. फक्त कपाळावर आईचं नाव लिहा, गोदावरी.

पायाशी जागा असू द्या.
तुमचा धाकटा भूपेंद्र


दिघोरी, २६ ऑक्टोबर

चि. भूपेंद्रले बाप सोमाजीचे पोटभर आशीर्वाद. लिहिणार अंजू.

दसऱ्याले गाडीची पूजा झाली. तुझ्या दादाने, धर्मेंद्रने नारळ फोडला. गाव त्याले शेठ म्हणून राहिलं. कपाळावर तुझ्या वहिनीचं नाव लिहिलं, शुभांगी. मेलेल्या माणसाचं नाव रस्त्याले बरं नाही, असं ती म्हणाली. मनाले लावून घेऊ नको, गाडी घरचीच आहे. वेळेवर जेवत जाजो.


गांधीधाम, ४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा, सा. न.

फोटो पाहिला. असू द्या, आलो का रंग बदलवीन. वहिनी रुसली तर तिचं नाव मागच्या फाळक्यावर लिहू, तिथं जास्त लोक वाचतात म्हणा.

मुनीमाच्या टेबलावर राजीनामा टाकला. म्हटलं, आता मी मालक. तो हसला, म्हणाला, मालकसाहेब, परत आलात तर जागा नाही. मी म्हटलं, येते कोण? बदली माणूस आला का निघतो. माझ्या सीटवर कोणाले बसू देऊ नका.

तुमचाच,
भूपेंद्र शेठ (पोरं असंच चिडवतात)


दिघोरी, १५ नोव्हेंबर

चि. भूपेंद्र यास अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून फार हसलो. गाडी तांदळाच्या मिलवर लावली आहे. शुभांगीचा भाऊ परसराम कारभार पाहतो. कागदावर मालक मी, तेव्हा बरंवाईट माझ्याच डोक्यावर. रंगाचा विषय काढू नको, शुभांगी रडते. तुझी नोकरी गेली तरी तुला रस्त्यावर टाकणार नाही, घरचा आहेस. गाडी तूच चालव, पगार देईन.

आणि तू लिहिलेला तो कॅमेरा मला पटला. बसवून घेतला.

तुझ्यावर माया ठेवणारा,
धर्मेंद्र


काकीनाडा बंदर, ९ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबा, शि. सा. न.

तांदूळ उतरून राहिला, तोवर लिहितो. मिलवर परतलो का तिथूनच पुढच्या लोडवर लावतात, घरी येऊच देत नाही. दादा म्हणे, तुम्ही दिवसभर त्याच्या मोबाइलात मले पाहता अन् म्हणता, पोरगं आता डोळ्यासमोर आहे. पाहा. पण मी डोळे पुसले का कॅमेरा वाजते अन् दादाचा फोन येते, झोपला का म्हणून. तुम्ही तिथंच बसले असता ना? मग सांगत काहून नाही, का पोरगं जागं आहे?

अंजू, खालचं बाबांच्या कानात हळूच सांगजो. सीटखालच्या पत्र्यावर आईचं नाव खिळ्याने कोरलं आहे. तिथं कॅमेरा पोचत नाही.

तुमचा भूपेंद्र


(मिलच्या ऑफिसात ठेवलेली चिठ्ठी)
१७ जानेवारी

चि. भूपेंद्र यास आशीर्वाद.

बाबांना हळू ऐकू येत नाही, तुला ठाऊक आहे. त्यांनी तीनदा काय-काय केलं, तेव्हा अंजूने जोरात वाचलं. परसरामला पॉलिशचा कागद देऊन पाठवलं आहे. तो पत्रा घासेपर्यंत चहा पिऊन घे.

पुढचा लोड सकाळीच निघतो. डोळे उघडे ठेवत जा. बाबा पाहत असतात.

धर्मेंद्र