दरवाजावरची खोली

ठाणे, कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १८११

आज दुपारी गुणाजी शेटच्या चाळीत मुक्कामाला आलो. नशीब काढलं म्हणायचं! खोताकडे वसुलीला होतो तेव्हा गावभर शिव्याशाप खाल्ले आणि हाती काय, तर दोन धोतरं. इथे मी कारभारी. भाडेकरू ठेवणं, काढणं, डागडुजी, विहिरीवरची भांडणं, सगळं माझ्याकडे. शेटचे वाडवडील मिठागरात राबले. आता आगगाडीमुळे स्टेशनाजवळच्या जागेला मोल आलं, तेव्हा शेटनी एक मिठागर बुजवून ही दुमजली चाळ उठवली. मला ठेवताना म्हणाले की राघो, तुझी जीभ ऐकूनच तुला घेतलाय, इथली माणसं गोडीगुलाबीने ऐकणारी नाहीत. म्हटलं, जिभेची काळजी सोडा.

खोली फक्कड आहे, चाळीच्या मोठ्या दरवाजाच्या बरोबर वर. गजांच्या खिडकीतून येणारा-जाणारा दिसतो, पलीकडे खाडी. गोदा बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेलीय. माझ्या तान्ह्या शालूला मी अजून एकदाच पाहिलंय. शेटच्या गाडीवानाकडे लगेच पत्र दिलं की भावाला सवड झाली की त्याच्याबरोबर निघून ये. पत्र भाऊच वाचून दाखवील, गोदेला अक्षरओळख नाही. इथे आली की शिकवीन. मग खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि मोठ्यांदा म्हणालो, "आता आम्ही तिघं या घरातून मेल्याशिवाय हलत नाही!" भिंतीत पाल चुकचुकली. आईच्या सवयीने जमिनीवर बोट आपटून कृष्ण कृष्ण म्हटलं.

कार्तिक पौर्णिमा

माणसं विचित्र आहेत. एवढी बिऱ्हाडं, पण चाळीत हूं की चूं नाही. विहिरीवर बायका भांडत नाहीत. आई पोराला मेल्या म्हणत नाही. मी खेकसलो की खाली मान घालून उभी राहतात, आणि पाठ वळली की नजर पाठीत रुतते.

माझं जेवण खालची आवडाबाई करते. मिठागरात उभा जन्म गेलेली म्हातारी, मिठासारखीच कोरडी. ताट ठेवताना म्हणाली की या घरात वाईट बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणत असते. हे तर माझी आईही म्हणायची, कोणाची म्हणत नाही? म्हटलं, तसं असतं तर आईच्या शिव्यांनी मी लहानपणीच मेलो असतो. म्हातारी हसली नाही.

वर राहणारा काळुराम, रेल्वेतला सांधेवाला. जिन्यात लाकडं रचून ठेवतो. उचल म्हटलं, ऐकू न आल्यासारखा पुढे गेला. मग माझं टाळकंच फिरलं. ओरडलो, "याच जिन्यावरून तंगडी मोडून पडशील, मग कळेल!" सगळी चाळ सज्जात येऊन उभी राहिली.  भिंतीत पाल चुकचुकली.

कार्तिक वद्य तृतीया

काळुराम पडला. लाकडं त्याने कालच हलवली होती, जिना कोरडा, मोकळा, भर दिवस. तंगडी अशी वाकडी झालीय की वैदूने हात टेकले. वाईट वाटलं असं लिहायला हवं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. आता नुसती भुवई वर केली तरी खोल्या झाडल्या जातात.

शेट येऊन गेले, खूश आहेत. कल्याणला याच्या दुप्पट चाळ बांधतायत, तिचाही कारभार मला देणार. गोदेच्या माहेरात मी कारभारी! आजच जागा बघायला चल म्हणाले होते, पण ऐन वेळी विहिरीचा रहाट मोडला, राहून गेलं.

माझ्या उंबऱ्यावर रोज कोणीतरी थुंकून जातं. सापडू दे एकदा.

कार्तिक वद्य नवमी

शेजारच्या मालनच्या चुलीचा धूर माझ्या खोलीत येतो. बाई विधवा, तीन पोरं, म्हणून आजवर गप्प होतो. परवा डोळे चुरचुरले आणि तोंडातून गेलं, "ती चूल पुन्हा पेटायची नाही!" पुन्हा ती पाल.

तेव्हापासून चूल पेटत नाही. मला वाटलं, ढोंग. आज स्वतः गेलो. सुकी लाकडं, वर रॉकेल. काडी ओढली, पेटली, चुलीपाशी नेली की विझे. कोणी फुंकर घालावी तशी. मालन भिंतीला टेकून बघत होती. पोरं कच्चे पोहे चावत होती.

मोठ्याने म्हणालो, पेट गं बाई, पेट, तुझं भलं होवो. काही नाही. पालसुद्धा नाही.

आवडाबाईला गाठलं. ती सांगते, वास्तुशांतीच्या दिवशी शेटने नैवेद्याचा खर्च नको म्हणून वास्तूला उपाशी पुरली. तेव्हापासून हिला चांगलं ऐकू येत नाही. वाईटच तेवढं खाते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग मला धड का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाली, सांगितलं होतं, तू हसलास.

भिंती चाचपल्या. चाळीत एकही पाल नाही. खारट भिंतीवर पाल राहतच नाही म्हणे.

कार्तिक वद्य द्वादशी

पहिल्या दिवशी मी काय बोललो ते आठवलं.

आलो तेव्हापासून दरवाजाबाहेर एकदाही गेलेलो नाही. कधी रहाट, कधी ताप, कधी काही. आज गेलो. एक पाय उंबऱ्यापलीकडे टाकला आणि छातीतला श्वास थांबला. गुदमरून नव्हे— नुसता थांबला, संपल्यासारखा. पाय आत घेतला, परत सुरू झाला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

मी तिघं म्हणालो होतो. मी आत अडकलो ते अडकलो. गोदा आणि शालू अजून बाहेर आहेत. त्यांनी उंबरा ओलांडता कामा नये. बस्स. कल्याणची चाळ गेली खड्ड्यात— हे मी बोललेलो नाही, लिहिलंय. लिहिलेलं ऐकू येत नसेल. नसेल ना?

कार्तिक अमावस्या

मेहुण्याचं पत्र. पंचमीला गोदेला ठाणे स्टेशनात उतरवून देतो म्हणतो, पुढे ती विचारत येईल.

उलट पत्र लिहिलं, येऊ नको म्हणून. टाकायला कोणी नेत नाही. हात जोडले. आवडाबाईचे पाय धरले. तिने ते पत्र मालनच्या विझलेल्या चुलीत नेऊन ठेवलं. जळलं नाही अर्थात. शेट येत नाहीत. खिडकीतून वाटसरूंना हाका मारल्या तर खाली काळुराम कुबडीवर उभा राहून त्यांना सांगतो, कारभारी वेडा झालाय.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

आज सगळे माझ्या दारात जमले. काळुराम पुढे. म्हणाला, "बोल ना, कारभारी. आमचं बोललास, तसं तुझं बोल."

भ्यालो. आपण काय बोलून बसू याचं भय. आणि तेच झालं— तोंड दाबून धरलं होतं तरी निसटलं— "माझी वाचाच बसली तर बरं!"

पाल.

तृतीया

आवाज नाही. घशात वारा आहे, शब्द नाही. खिडकीतून कोणाला हाक मारणार?

खालच्या मोठ्या दरवाजाच्या किल्ल्या खुंटीवर नाहीत. दरवाजा लावून घेता आला असता— कालच लावायला हवा होता—

पंचमी

खोलीला बाहेरून कडी.

दाराला धडका दिल्या. खांदा सुजला. खाली सडा घालतायत, रांगोळी काढतायत. माझ्या गोदेसाठी.

आली. दुपारच्या गाडीने. डोक्यावर गाठोडं, खांद्याशी शालू. गजांतून हात बाहेर काढून हलवले, जा, जा. तिला वाटलं, बोलावतोय. हसली.

वहीचं पान फाडलं. मोठ्या अक्षरांत, आत येऊ नको. बाहेर धरलं.

तिने बघितलं. मग आवडाबाईकडे वळून विचारलं, काय लिहिलंय हो?

म्हातारीला एक अक्षर येत नाही. तरी वर बघून म्हणाली, "बाय, लवकर आत ये म्हनून लिवलंय."

मालन तांब्या घेऊन आली. पायांवर पाणी. भाकरतुकडा ओवाळला. गोदा लाजली. वर बघतेय. मी नाही नाही मान हलवतोय आणि ती— शालूचा इवला हात धरून माझ्याकडे हलवतेय—

गोदे, नको

पदर सावरला. उजवा पाय उचल—